काळ्या पट्टीखालचा पत्ता

१

काजळताईंचं खरं नाव कोर्टात फार थोड्यांना ठाऊक होतं. हजेरीला ते पुकारलं गेलं, तर त्या स्वतःच क्षणभर इकडेतिकडे बघायच्या. लोकांच्या हाती जाणाऱ्या कागदांना काळं लावणं हे त्यांचं काम, म्हणून त्या काजळताई. पत्ते, जन्मतारखा, लहान मुलांची नावं, दुखण्यांची नावं, बँकेचे आकडे, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. खटला चव्हाट्यावर चालतो, पण म्हणून त्यात सापडलेल्या माणसाचं घर चव्हाट्यावर आणायचं नसतं, एवढी साधी गोष्ट.

“काय ताई, आज किती जणांना काजळ घातलंत?” नक्कल मागायच्या खिडकीवरचा कारकून रोज सकाळी विचारायचा.

“बरेच झाले. तुझ्या तोंडाला लावायचं तेवढं राहिलंय.”

कामाची रीत ठरलेली होती. मूळ कागदाला पेन लावायचं नाही. त्याची झेरॉक्स काढायची, तिच्यावर जाड पेनाने काळी पट्टी ओढायची, आणि त्या काळ्या केलेल्या पानाची पुन्हा झेरॉक्स. नाहीतर पान उजेडाला धरलं की शाईखालची अक्षरं वाकुल्या दाखवत वर येतात. पट्टी सगळीकडे एकाच मापाची. नाव छोटं असो की लांबलचक; लांबीवरूनही माणूस ओळखणारे असतात.

मग शेवटी वाचन. रेकॉर्ड रूमच्या मागच्या भागात, फायलींच्या उंच मांडण्यांपाशी एक लांब टेबल होतं. एका बाजूला मूळ कागद घेऊन काजळताई, समोर काळी केलेली प्रत घेऊन मास्तर. मास्तर म्हणजे निवृत्त शाळामास्तर. आवाज खणखणीत म्हणून कोर्टाने त्यांना वाचायला ठेवून घेतलेलं. ते प्रत मोठ्याने वाचायचे आणि काळी पट्टी आली की काही न बोलता लाकडी रूळ टेबलावर एकदा आपटायचे. टक्. काजळताई मूळ कागदावर बोट फिरवत ऐकायच्या. बोट पत्त्यावर आलं आणि टक् झालं, तर ठीक. मास्तर तसेच पुढे वाचत गेले, तर काहीतरी उघडं राहिलंय.

झाकलेला शब्द त्या खोलीत उच्चारायचा नाही, हा नियम. मास्तरांना तो माहीतच नसायचा आणि काजळताई माहीत असून गिळून टाकायच्या.

“झाकली मूठ सव्वा लाखाची,” मास्तर म्हणायचे. “मूठ तुमची. मी आपला रूळवाला.”

२

ती फाईल एका आईची आणि तिच्या शाळकरी मुलीची होती. नवऱ्यापासून लपून राहणारी आई. तीन वेळा घर बदललेलं आणि तिन्ही वेळा तो माग काढत आलेला. शेजाऱ्यांच्या जबान्यांतली एक गोष्ट काजळताईंच्या मनातून जात नव्हती. तो कधी आरडाओरडा करायचा नाही, असं सगळ्यांनीच सांगितलं होतं. इस्त्रीचा शर्ट, पाणी लावून विंचरलेले केस. एकेक दार हलकेच वाजवायचा आणि मुलीचं लाडाचं नाव घेऊन विचारायचा, “घरात आहे का?” सुतावरून स्वर्ग गाठणारा माणूस. तिसऱ्यांदा सापडल्या तेव्हा आईचं मनगट मोडलं होतं, आणि मुलीने त्यानंतर कित्येक आठवडे तोंड उघडलं नव्हतं.

चौथं घर कोर्टाने गुप्त ठेवलं. आणि आता त्यानेच निकालाची, जबान्यांची, सगळ्या कागदांची नक्कल मागितली होती. पक्षकार होता, नक्कल मिळणं त्याचा हक्क. फक्त तिच्यात तो पत्ता कुठूनही डोकावता कामा नये, ही काजळताईंची जबाबदारी.

वाचन सुरू झालं.

“‘सदर मुलगी आपल्या आईसह,’” टक्, “‘येथे राहत असून...’”

टक्.

काजळताईंचं बोट थांबलं. “मास्तर, दोनदा का वाजवलंत?”

“एकदाच वाजवला.”

“मला दोन ऐकू आले.”

“मग माझ्या वाट्याचाही तुम्हीच ऐकलात. माझा डावा कान माझ्याआधी निवृत्त झालाय, बाई. त्याचं पेन्शनसुद्धा मीच खातो.”

त्या हसल्या. आवाज मांडण्यांच्या बाजूने आला होता. नुकत्याच जुन्या फायली हलवल्यामुळे तिकडच्या दोन मांडण्या रिकाम्या होत्या, आणि रिकाम्या जागेत आवाज घुमतोच. असं त्यांनी स्वतःला सांगितलं. पण घुमलेला आवाज पसरट असतो. हा बारीक होता, कोरडा; कुणी बोट वाकवून लाकडावर वाजवावं तसा. संध्याकाळपर्यंत प्रत्येक रुळामागून तो येत राहिला. जरासा उशिराने. वर्गात नव्याने आलेलं मूल इतरांच्या मागून पाढे म्हणतं, तसा.

३

दुसऱ्या दिवशी तो मागून आला नाही. रुळाबरोबरच आला. त्याच्या पुढच्या दिवशी रुळाच्या आधी.

मास्तर समाजसेविकेचा अहवाल वाचत होते. ती बाई चौथ्या घरी जाऊन मुलीला भेटून आली होती. “‘मुलीची तब्येत सुधारत आहे. दुपारी कारखान्याचा भोंगा झाला की ती जेवायला बसते...’”

टक्.

मास्तरांचा रूळ टेबलावर आडवा पडलेला होता. ते वाचत पुढे गेले. त्यांच्या प्रतीत तिथे पट्टीच नव्हती.

“थांबा, मास्तर.” काजळताईंनी मूळ कागद जवळ ओढला. भोंगा. अजून भोंगा वाजणारे कारखाने शहरात असे असतील किती? आणि तो ज्या घरात ऐकू जातो ती वस्ती केवढीशी? “इथे झाकायचं राहिलं.”

“भोंगा? अहो, भोंगा कसला झाकताय! तो अर्ध्या शहराला ऐकू जातो.”

“म्हणूनच.”

पट्टी ओढली. झेरॉक्स काढली. पुन्हा वाचन. त्या ओळीवर मास्तरांचा रूळ वाजला आणि मांडण्यांकडे अगदी शांत झालं, कुणी समाधानाने मान हलवावी तसं.

मग खिडकीसमोरच्या पाण्याच्या टाकीवर आवाज आला. टाकी झाकली. मग जिन्याशेजारच्या शिंप्याच्या दुकानावर. शिंपी झाकला. प्रत्येक वेळी तिकडून टक् यायचं, काजळताई कागद बघायच्या, आणि दर वेळी पटायचं, की हो, इथूनही माग लागू शकतो. एवढ्या वर्षांच्या नजरेतून हे निसटलं कसं, असं त्यांना वाटायचं. कुणीतरी त्यांच्याहून बारकाईने वाचत होतं.

त्यांना भीती वाटायला हवी होती. वाटत नव्हती. त्याचं कारण त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. त्यांचा नवरा छापखान्यात मुद्रितं तपासायचा. संध्याकाळी घरच्या टेबलाच्या एका टोकाला तो आपले कागद घेऊन बसायचा, दुसऱ्या टोकाला या भाजी निवडत. चूक सापडली की बोलायचा नाही. पेन्सिलीचं मागचं टोक टेबलावर एकदा टेकवायचा. या वर न बघता म्हणायच्या, “सापडली का?” तो गेल्याला वर्ष झालं होतं. घर इतकं गप्प झालं होतं की फ्रिजची घरघर थांबली तरी त्या दचकायच्या.

मनातल्या मनातसुद्धा त्यांनी ते स्पष्ट शब्दांत म्हटलं नाही. शिकलेली बाई होती. पण त्या आठवड्यात कामावर निघताना त्या आरशापुढे जरा जास्त वेळ रेंगाळू लागल्या. आणि एकदा, मास्तर पाणी प्यायला गेले असताना, रिकाम्या मांडण्यांकडे बघून हळूच म्हणाल्या, “सापडली का?”

टक्, झालं.

४

“ती नक्कल थांबवा,” मोठ्या बाई म्हणाल्या. मोठ्या बाई म्हणजे रेकॉर्ड विभागाच्या प्रमुख. त्या दारातूनच बोलायच्या, आत यायच्या नाहीत, धुळीने शिंका येतात म्हणून. “अर्जदार वारला.”

“कोण?”

“तुमच्या आई-मुलीचा तो. वकिलाने आज कळवलं. घरात एकटाच होता, बसल्या जागी गेला. अर्ज टाकल्यावर लगेचच, म्हणजे झाले की पंधरा-वीस दिवस. मयताला नक्कल देत नाही आपण. अजून तरी.” स्वतःच्या विनोदावर हसून त्या गेल्या.

मास्तरांनी चष्मा काढला. “सुटल्या बिचाऱ्या. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, म्हणून बोलत नाही. पण सुटल्या.”

काजळताई मनात दिवस मोजत होत्या. त्यांचं वाचन सुरू होऊन पुरता आठवडा झालेला नव्हता.

मास्तर घरी गेल्यावर त्या टेबलाशी बसून राहिल्या. बाहेर लख्ख ऊन होतं, खिडकीच्या गजांच्या सावल्या फायलींवर पडल्या होत्या. असल्या उजेडात असले विचार करायचे नसतात, हे त्यांना कळत होतं. तरी विचार एकामागून एक येत गेले, आणि त्यांतला एकही वेडगळ वाटेना, हेच वाईट होतं.

नवऱ्याची पेन्सिल चुकीवर वाजायची. हा आवाज चूक दाखवत नव्हता. हा विचारत होता. इथे? इथे आहे का? ज्याला वाचता येत नाही, फक्त ऐकू येतं, त्याने अंधारात भिंत चाचपावी तसा. आणि दर वेळी पेन उचलून, पट्टी ओढून, मास्तरांकरवी रूळ वाजवून आपण त्याला उत्तर दिलं. हो, इथेच. भोंग्याच्या टापूत. टाकीसमोर. शिंप्याच्या शेजारच्या जिन्यात. कुलूप कुठे लावलंय ते बघूनच चोराला खोली कळते, आणि कुलपं लावत आपण त्याच्या पुढे पुढे चाललो होतो.

सबंध आयुष्य लोकांचं झाकण्यात गेलं. एक ओळखीचा आवाज ऐकू आला असं वाटलं, आणि हात आपण होऊन हलला.

“तू तो नाहीस,” त्या मांडण्यांकडे बघून म्हणाल्या.

तिकडून काहीच आलं नाही. तिथे आता कुणी उभं नाही, असं त्यांना वाटलं; आणि सुटल्यासारखं वाटायच्या ऐवजी दुसरंच मनात आलं. इथे नाही, तर मग कुठे गेला?

५

दोन दिवसांनी खिडकीवरच्या कारकुनाने हाक मारली. “ताई, जरा या हो. या बाई पत्त्यावरचं काळं काढा म्हणतायत. तुमच्या धंद्याच्या उलटं काम आलंय.”

खिडकीपलीकडे एक बाई उभी होती. उजवं मनगट जरा वाकडं जुळलेलं. काजळताईंनी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण तिच्या घरात किती खुर्च्या आहेत तेही त्यांना ठाऊक होतं.

“तुम्हीच का आमचे कागद झाकले?” ती बाई म्हणाली. “फार उपकार झाले. पण आता नको. आता मला दारावर पाटी लावायचीय. माझं नाव, खाली लेकीचं नाव. मोठ्या अक्षरांत.”

“लावा की. मुलगी कशी आहे?”

“बोलते आता! इतकी बोलते की मीच म्हणते, पुरे गं बाई. माणसं कमी पडली तर भिंतींशी बोलेल.”

“भिंतींशी?”

“अहो, आमच्या इमारतीत नळाचं काहीतरी बिनसलंय. टकटक वाजत असतं. आधी खाली शिंप्याच्या दुकानात वाजायचं. तो बिचारा उंदीर समजून भिंत धोपटत बसला. मग पहिल्या मजल्यावर, मग दुसऱ्या. एकेक घर घेत वर येतंय. काल आमच्या शेजारच्या घरात आलं. ही म्हणते, आई, कुणीतरी विचारतंय, मी उलट वाजवू का? मी म्हटलं खबरदार! शेजारीण आधीच तिरसट, तिला निमित्त नको.”

काजळताईंनी खिडकीची लाकडी चौकट धरली. “वाजवलं नाही ना तिने?”

“अजून तरी नाही. पण आज शाळेतून आली की वाजवणार, बघा. माझीच लेक ती.”

“आज तिला घरी नेऊ नका.” आपला आवाज चढला हे त्यांच्याच ध्यानात आलं, आणि त्यांनी तो खाली आणला. “म्हणजे, शाळेतून परस्पर कुठेतरी घेऊन जा. बागेत, बाजारात. एवढी कोंडून वाढली पोर. अंधार पडेपर्यंत फिरवा. तेवढं करा माझ्यासाठी.”

बाई त्यांच्याकडे बघत राहिली. मग हसली. “माझी आई असती तर असंच म्हणाली असती,” ती म्हणाली.

६

“बंद झालेली फाईल वाचायची?” मास्तर म्हणाले. “मेलेल्याला पुन्हा मारायचं का, बाई?”

“शेवटचं पान फक्त. माझ्यासाठी.”

मास्तर बसले. काजळताईंनी मूळ कागद पुढ्यात घेतला, पण त्या त्याच्याकडे बघत नव्हत्या. रिकाम्या मांडण्यांमध्ये दुपारचा उजेड तिरका पडला होता. मास्तरांचा आवाज खोलीभर झाला. “‘...याप्रमाणे मुलीचा ताबा आईकडे राहील, व तिचे वास्तव्य,’” आणि रूळ खाली आला.

टक्.

बराच वेळ काही नाही. मग लांबून, जिन्यांवरून, भिंतींमधून कुणीतरी धावत यावं तसा तो आला. मांडण्यांच्या अगदी कडेला. टक्. आणि लगेच पुन्हा, अधीर होऊन. टक्.

काजळताईंनी नोकरीत कधीच केलं नव्हतं ते केलं. ज्या जागी काळी पट्टी होती, त्या जागी एक पत्ता त्यांनी तोंडाने म्हटला. स्पष्ट, सावकाश, मुलांना शुद्धलेखन घालावं तसा. गल्ली. इमारत. मजला. जिना चढून आल्यावर डावीकडचं दार.

“बाई!” मास्तर ताडकन उठले. “अहो, नियम...” आणि मग थांबले. गेल्या वर्षी काजळताईंचा नवरा गेला, तेव्हा मास्तर भेटायला आले होते. तो जिना ते चढले होते. त्या डावीकडच्या दारासमोर त्यांनी चपला काढल्या होत्या. “अहो, हा तर तुमचा...”

काजळताईंनी ओठांवर बोट ठेवलं.

मांडण्यांच्या मध्ये उजेडात धूळ तरंगत होती. एका जागी ती तरंगत नव्हती. माणसाच्या उंचीएवढी ती जागा स्वच्छ होती, आणि ऐकणाऱ्याचं डोकं कलतं तशी ती वरच्या बाजूला जराशी कलली. मग तिथेही धूळ भरून आली.

७

पुढच्या आठवड्यात ती बाई दुरुस्त केलेले कागद न्यायला आली, सोबत मुलगी. मुलीने खिडकीच्या कट्ट्यावर हनुवटी टेकवून विचारलं, “काजळताई म्हणजे तुम्हीच का? पण तुमच्या डोळ्यांत तर काजळ नाही.”

“संपलं,” काजळताई म्हणाल्या. “तुमच्या इमारतीतली ती टकटक?”

“थांबली!” आई म्हणाली. “नळवाल्याला बोलावलंच नाही, आपोआप थांबली. हिला तर करमेना.”

त्याच संध्याकाळी काजळताईंच्या खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या. “तुमच्याकडे काही ठोकाठोकी चाललीय का हो? नाही? मग कुठून येतंय मेलं, कळत नाही. दोन दिवस भिंतीतून कुणीतरी बोलावतंय असं वाटतं.”

“बघते मी,” काजळताई म्हणाल्या.

रविवारी सकाळी त्यांनी आतली खोली आवरली. नवरा गेल्यापासून तिथे कुणी झोपत नव्हतं. पलंगावर चादर घातली, मधोमध एक उशी लांबट ठेवली, तिच्यावर दुलई ओढली. पडदा लावला. बाहेर येऊन दार अलगद ओढून घेतलं, झोपलेल्याची झोप मोडू नये अशा बेताने. हे करताना आपण मूर्खपणा करतोय, असं त्यांना एकदाही वाटलं नाही.

दुपारी त्या भांडी पुसत होत्या, तेव्हा ओट्यामागच्या भिंतीत आवाज आला.

टक्.

उत्तर दिलं नाही, तर तो पुढच्या दाराकडे जाईल. पुढच्या, त्याच्या पुढच्या. आणि वेळ तर त्याच्यापाशी हवा तेवढा होता. एखाद्या दिवशी फिरत फिरत पुन्हा त्या जिन्यापाशी पोहोचेल, जिथे आता दारावर मोठ्या अक्षरांत दोन नावं होती. काजळताईंनी हात पदराला पुसले, बोट वाकवलं, आणि भिंतीवर एकदा वाजवलं.

भिंत गप्प झाली. जिन्यात पाऊल वाजलं नाही. पण बाहेरचं दार वाजलं. हलकेच, अदबीने.

त्यांनी जाऊन दार उघडलं. पायऱ्यांवर ऊन पडलं होतं. वर कुणी नाही, खाली कुणी नाही. कुणाच्या तरी घरात रेडिओ चालू होता. क्षणभर, फक्त क्षणभर, त्यांना वाटलं की हे सगळं आपलंच. घर फार दिवस गप्प राहिलं की माणूस स्वतःच भिंती वाजवायला लागतो.

टक्.

आवाज मागून आला. घरातून.

आतल्या खोलीच्या दाराशी तो पाठमोरा उभा होता. जरा वाकलेला, कान दाराला लावलेला. पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर इस्त्रीची सरळ घडी. मानेवरचे केस नुकते पाणी लावून विंचरल्यासारखे ओले, पण ते पाणी निथळत नव्हतं. चेहरा दाराकडे होता, आणि तो आपल्याकडे वळू नये एवढंच त्या क्षणी काजळताईंना वाटलं. दारावर वाजवायला त्याने पुन्हा बोट वाकवलं, आणि मुलीचं लाडाचं नाव घेतलं. ते नाव काजळताईंनी आपल्या हाताने कितीतरी पानांवर झाकलं होतं. कुणाच्या तोंडून ऐकत होत्या पहिल्यांदाच. इतक्या मायेने घेतलेलं नाव त्यांनी फार दिवसांत ऐकलं नव्हतं, आणि ती माया ऐकूनच त्यांच्या अंगावर काटा आला.

“घरात आहे का?” त्याने विचारलं.

“आहे,” काजळताई म्हणाल्या. “हळू. आत्ताच झोपलीय.”

वर गेलेला हात थांबला. सावकाश खाली आला.

“उठेल थोड्या वेळाने. बसा तोवर,” त्या म्हणाल्या, आणि त्याच्याकडे पाठ न करता, हात मागे नेऊन, बाहेरच्या दाराला आतून कडी घातली.